परसात आलेला अनोळखी पाहुणा



लोकरी मावा हे नाव २००२ सालच्या जुलैपूर्वी आपल्या भागात कोणाच्या तोंडी नव्हते. बंगाल आणि ईशान्येकडील राज्यांत ही कीड जुनी. पण त्या जुलैत सांगली जिल्ह्यातील उसावर ती नोंदली गेली आणि दोन-चार महिन्यांत उत्तर कर्नाटकातही दिसली. पुढच्या वर्षी तर पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात ‘तुमच्याकडं आला का?’ हा एकच प्रश्न. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लोकर, तिच्यातून गळणारा चिकट गोड स्राव, तो खालच्या पानावर पडला की त्यावर चढणारी काळी बुरशी. ज्यांचे फड त्या साली काळे पडले त्यांना हे वर्णन वाचून दाखवण्याची गरज नाही.

आज वीस-बावीस वर्षांनी ही आठवण काढण्याचे कारण निराळे आहे. ही कीड कागदावर नोंदली जाण्याआधी कोणाच्या तरी डोळ्यांना ती दिसली असणारच. वैरणीला गेलेल्या बाईला दिसली असेल, पाणी धरणाऱ्या गड्याला दिसली असेल. ‘काहीतरी पांढरं पडलंय’ एवढे म्हणून तो माणूस पुढे गेला असेल. त्यात त्याचा दोष काय? पांढरे काहीतरी पानावर दरसाल पडतेच. मात्र त्या पहिल्या दिसण्यापासून ते कोणी जाणकाराने ओळखण्यापर्यंत जे दिवस गेले, त्या दिवसांत वाड्याच्या मोळ्या एका गावातून दुसऱ्या गावात गेल्या. मावा वाऱ्याने पसरतो हे खरे, पण बैलाच्या वैरणीसाठी गाडीवर टाकलेल्या वाड्यातून तो ऐटीत बसून जातो. तोडणीच्या टोळ्या मुक्काम हलवतात तसा तोही हलतो.

म्हणून या अंकात आम्ही उसाबद्दल थोडे आणि घरामागच्या परसाबद्दल जास्त लिहिणार आहोत. सभासद म्हणतील, कारखान्याच्या पत्रिकेत जास्वंद आणि पपईचे काय काम? काम आहे. नवी कीड बहुधा मोठ्या फडात आधी उतरत नाही. ती कुंडीतून येते, कलमाच्या मातीतून येते, पाहुण्याने हौसेने आणलेल्या फांदीतून येते. आणि कुंडी काही कोणी उसात नेऊन ठेवत नाही. ती दारात ठेवतात, परसात ठेवतात.

घाटाखाली काय पाहिले

आपल्यापैकी पुष्कळ सभासदांनी अलीकडे बांधावर नारळ आणि हापूसची कलमे लावली आहेत. ही रोपे कोकणातून वर येतात. तिकडे परसबागा कशा आहेत आणि रोपांबरोबर वर काय येऊ शकते ते पाहावे, म्हणून आम्ही पावसाळा सरल्यावर महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरलो.

आंबेनळी म्हणजे देश आणि कोकण यांमधला जुना उंबरठा. महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावर उगम पावून कृष्णा आपल्या उसाकडे येते आणि सावित्री उलट्या अंगाने पोलादपूर, महाडकडे जाऊन बाणकोटच्या खाडीला मिळते. प्रतापगडाचा पायथा सोडला की हवा बदलते, अंगाला दमटपणा लागतो. कुडाच्या आणि चिऱ्याच्या घरांमागे अळू, केळी, सुपारी, फणस दिसू लागतात. या रस्त्याने भाजीचे टेम्पो खाली जातात, नारळ आणि कलमे वर येतात, महाबळेश्वरला आलेले पर्यटक दोन्ही दिशांनी फिरतात. रस्ता अवघड. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना सहलीला घेऊन निघालेली बस याच घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. शेतकऱ्याने बाटलीत घालून आणलेला किडा पाहून ज्या विद्यापीठातून त्याला उत्तर मिळायचे, त्या विद्यापीठाची ही माणसे. त्या वळणावरून जाताना आमच्या गाडीत कोणी बोलले नाही. नंतर २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत महाड तालुक्यात तळिये, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडी येथे दरडी आल्या. हा घाटरस्ताही तेव्हा तुटला आणि बंद पडला. माणसांची वाहतूक अशी अडते. किडीची मात्र तेवढ्याने अडत नाही.

एका वाडीत आम्ही थांबलो. घर लहान, पण परस असा की पाहत राहावे. पपई, शेवगा, दोन नारळ, कढीपत्ता, दारात तांबडी जास्वंद. काकींनी चहा टाकला तोवर आम्ही जास्वंदीचा शेंडा उलटून पाहिला. कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर, पाने मुरडलेली, खोडावरून मुंग्यांची रांग.

‘हे कधीपासून आहे, काकी?’

‘गेल्या गणपतीपासून. पोरगा मुंबईसून कुंडी घेऊन आला ना, त्याच्या मागनं.’

‘कोणाला दाखवलंत?’

‘जास्वंदीचा रोग कोनाला दाखवायचा, दादा? भाताचा असता तर साहेबाला सांगितला असता.’

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. काकींना साल आठवत होते, सण आठवत होता, कुंडी कोठून आली तेही माहीत होते. एखाद्या शास्त्रज्ञाला हवी असलेली निम्मी माहिती त्यांच्याकडे तयार होती. फक्त विचारायला कोणी आले नव्हते, आणि सांगायची जागा त्यांना ठाऊक नव्हती.

तो पिठ्या ढेकूण होता हे आम्हांस कळले. पण कोणत्या जातीचा, ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. याच्या जाती अनेक, काही जुन्या, काही अलीकडे आलेल्या. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचीच हकीकत घ्या. ही जात मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. भारतात ती प्रथम २००८ साली कोइमतूरला सापडली. तामिळनाडूत पपई गेली, तुती गेली, साबुकंद गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती पुणे जिल्ह्यापर्यंत आली. लोकांनी औषधांवर औषधे मारली. अंगावर मेणाचा थर, त्यामुळे औषध आतपर्यंत पोचेना, आणि जे कीटक या ढेकणाला खाऊ शकले असते ते मात्र मेले. अखेर २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून एक इवलीशी गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणवली. ॲसेरोफॅगस पपई असे तिचे नाव. ती ढेकणाच्या पोटात अंडी घालते आणि आतून त्याला संपवते. जेथे ती सोडली तेथे काही महिन्यांत झाडे पुन्हा हिरवी झाली.

ही मित्रमाशी आणायची तर आधी शत्रू कोण हे नक्की ठाऊक हवे. पिठ्याच्या एका जातीवरची माशी दुसऱ्या जातीला शिवत नाही. म्हणून ‘पांढरं काहीतरी’ आणि ‘अमुक जातीचा पिठ्या’ यांत फरक आहे, आणि तो फरक तपासणीवाचून कळत नाही. लोकरी माव्याच्या वेळीही शेवटी डिफाची अळी आणि मायक्रोमस हे मित्रकीटकच उपयोगी पडले हे सभासदांना आठवत असेल. ज्यांनी घाईने फवारणी केली नाही त्यांच्या फडात ते आपोआप वाढले.

नारळ, गोगलगाय आणि रोपांची गाडी

नारळाबद्दल स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण रोपे आपण विकत घेतो. २०१६ साली दक्षिणेत पोल्लाचीकडे आणि केरळात नारळावर एक नवी पांढरी माशी सापडली. रुगोज चक्राकार पांढरी माशी म्हणून ती ओळखली जाते. पानाच्या खालच्या बाजूस पांढऱ्या मेणाच्या गोल-गोल वेटोळ्यांत ती अंडी घालते, रांगोळीचे वळसे घालावेत तशी. तिचा चिकटा खालच्या पानांवर पडून काजळी धरते. हिचा प्रवास मुख्यतः रोपांतून झाला आणि ती कोकण किनाऱ्यावरही येऊन पोचली. त्याआधी १९९८ साली केरळातच नारळाच्या फळावरचा कोळी प्रथम दिसला होता. तोही असाच वर सरकला, आणि वाळकी, तडकलेली, लहान राहिलेली फळे कोकणच्या बाजारात दिसू लागली.

तेव्हा रोप घेताना एवढे करावे. शेंड्याकडे पाहून भाव ठरवण्याआधी पान उलटे करावे. पांढरी वेटोळी, मेणाचे धागे, काजळी, मुंग्या यांपैकी काही दिसले तर ते रोप परत ठेवावे, मग विक्रेता नात्यातला असो की गावातला. ही माशी बांधावर आलीच तर कीटकनाशकाच्या मागे लागू नये. पानाच्या खालून जोराने पाण्याचा फवारा मारावा. एनकार्शिया नावाची मित्रमाशी हिला खाली ठेवते, आणि औषधाने आधी तीच मरते.

शंखी गोगलगायीकडे लोक किडा म्हणून पाहातच नाहीत. मुलांना तर ती गंमत वाटते. आफ्रिकेतली ही मोठी गोगलगाय १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यास एका इंग्रज गृहस्थाने हौस म्हणून आणली. बागेत सोडली, आणि तेथून देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनचा गोगलगायींनी फडशा पाडला, शेतकऱ्यांना दुबार पेरावे लागले. हौस किती महाग पडते पाहा! पावणेदोनशे वर्षांपूर्वी एकाने सोडले आणि मराठवाड्यातल्या ज्याने कलकत्ता कधी पाहिले नाही त्याने भरपाई केली.

ही एकटी आली तरी पुरे होते, कारण एकदा संग झाल्यावर बीज ती पोटात साठवून ठेवते आणि पुढे केव्हाही अंडी घालते. अंडी साबुदाण्यासारखी, मातीत घातलेली. कलमाच्या पिशवीतली माती, विटांचा ट्रक, शेणखत, वाळू यांतून ती प्रवास करते. नवे रोप आणले की पिशवीची माती हाताने फोडून पाहावी. परसात गोगलगाय दिसली तर संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून जागोजागी टाकावे, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. उघड्या हाताने धरू नयेत. तिच्या अंगात मेंदूला अपाय करणारा जंतू असू शकतो. मुलांना हे जरूर बजावावे.

तिसरी गोष्ट लष्करी अळीची. अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिमोग्याला आणि त्याच पावसाळ्यात आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात मक्यावर. सांगलीकडे उसावरही ती आढळली. ही आली ती पंखांवर. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो, तेथे आंबेनळीच काय, सह्याद्रीही आडवा येत नाही. तिच्यासाठी परसातल्या मक्याच्या दहा ताटांकडे पाहायचे. पोंग्यात भुसा, पानाला ओळीत भोके, अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. परसातल्या मक्यात ती दिसली की लहान लावणीच्या उसात फेरी मारावी. कोकणात नाचणी करणाऱ्यांनी नाचणीही पाहावी.

आणि सर्वांत जुना धडा तर पुण्याचाच आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यावर एक अनोळखी पांढऱ्या फुलांचे झुडूप वाढलेले जाणकारांच्या नजरेस आले. आयात धान्यातून त्याचे बी आले असे सांगतात. तेच आजचे गाजरगवत. तेव्हा ते उकिरड्यावर होते. मूठभर माणसांनी एका रविवारी उपटले असते तर? नुसता विचार करावा. १९८४ साली बंगळुरास त्याच्यावर मेक्सिकन भुंगेरे सोडावे लागले, आणि आपल्या बांधावरून ते अजून गेलेले नाही.

परदेशातही हेच

अमेरिकेत सरकारी तपासनीस, बंदरांवरची तपासणी, पैसा, सगळे आहे. तरीही १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लांब मिशांचा आशियाई भुंगेरा सापडला तो तपासनीसाला नव्हे. एका रहिवाशाने आपल्या घराजवळच्या मेपल झाडांना कोणीतरी गिरमिटाने भोके पाडल्यासारखे पाहिले आणि कळवले. भुंगेरा चीनहून लाकडी खोक्यांतून आला होता. २००८ साली वूस्टर गावीही असेच झाले. एका रहिवासी बाईने परसात अनोळखी भुंगेरे पाहून कळवले, पण तोवर तो तेथे कित्येक वर्षे नांदत होता. तीस हजारांवर झाडे तोडावी लागली. शिकागोत १९९८ साली तो सापडला, लोकांनी आणि महापालिकेने पाठ धरली, आणि दहा वर्षांनी तो तेथून संपल्याचे जाहीर झाले. भुंगेरा तोच, देश तोच. कळण्याला किती उशीर झाला यावर तोडीचा आकडा ठरला.

आपल्याकडे कायदा जुना आहे. १९१४ चा कीड-रोग प्रतिबंधक कायदा, त्यावर २००३ चा आयात वनस्पतींचा आदेश. राज्यात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ योजनेखाली सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा अशा पिकांवर कीड सर्वेक्षण सुरू झाले. चांगले काम आहे. पण सर्वेक्षकाच्या तक्त्यात पीक असते, काकींची जास्वंद नसते. ती जागा घरातल्या माणसांनीच भरायची आहे, आणि खरे सांगायचे तर घरातल्या बायकांनी. परसाला रोज पाणी घालणारी बाई झाडाचा चेहरा ओळखते. आम्ही गडीमाणसे फडात जातो ती मोटार सुरू झाली की नाही पाहायला.

काहीजण कळवत नाहीत त्याचे कारण भीती. साहेब येतील, झाड तोडायला लावतील, रोपांची विक्री थांबेल. ही भीती अगदीच खोटी नाही. रोपवाटिका चालवणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण पन्नास रोपे जाळावी लागली म्हणून रडणाऱ्याकडून शंभर गिऱ्हाइकांच्या घरी कीड गेली तर पुढच्या वर्षी त्याच्या दारात कोण येईल? हा हिशेब त्याने स्वतःच मांडावा.

आता कळवायचे कसे ते सांगतो, कारण येथेच चूक होते. रोगट फांदी तोडून, पिशवीत उघडी टाकून, एस.टी.त मांडीवर घेऊन तालुक्याला नेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. असे केले तर कीड गावोगाव वाटत जाणे होते. फांदी झाडावरच राहू द्यावी. मोबाईलवर तीन फोटो काढावेत, पूर्ण झाडाचा, पानाच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा, शेवटच्या दोन फोटोंत शेजारी एक रुपयाचे नाणे धरून. किडा हवाच असेल तर चार-पाच किडे लहान काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवावेत आणि घट्ट बूच लावावे. पान पाठवायचे झाल्यास वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, जाड पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओले पान घातले की दोन दिवसांत कुजते आणि तपासणाऱ्याला कुजकेच दिसते. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाडाचे नाव, प्रथम केव्हा दिसले आणि आसपास नवे रोप, माती किंवा कुंडी कोठून आली ते लिहावे. फवारणी केली असेल तर औषधाचे नाव लपवू नये.

हे घेऊन आधी गावच्या कृषी सहाय्यकाकडे जावे. फडातले असेल तर आपल्या गटाच्या चिटबॉयला सांगून शेतकी विभागास कळवावे. उसाच्या बाबतीत पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. घाटाखालच्या आपल्या सोयऱ्यांना रोह्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीचे विद्यापीठ जवळ. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फोन फुकट आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. पहिल्या ठिकाणी ‘हे किरकोळ आहे’ असे उत्तर मिळाले तर दुसऱ्या ठिकाणी विचारावे. किरकोळच निघाले तर कोणाचे काही गेले नाही.

उत्तर येईपर्यंत ते झाड हलवू नये, त्याची फांदी शेजारणीला देऊ नये, छाटलेला पाला उकिरड्यावर टाकू नये. थोडा असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून खड्ड्यात पुरावा. आणि हंगाम सुरू झाल्यावर ज्या फडात पानाखाली लोकर दिसेल त्या फडाचे वाडे दुसऱ्या गावी जाऊ देऊ नये. टोळीच्या मुकादमाला आणि गाडीवानाला हे तोड सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच सांगावे, मोळ्या गाडीवर चढल्यावर सांगून उपयोग नाही.